खेळासाठीं संगणक जुळवितांना

दहावीचा निकाल लागला, पेढे वांटून झाले, आणि दुसऱ्याच दिवशीं चिरंजीवांनीं वडिलांपुढें एक कागद ठेवला. सोलापुरांतील एखाद्या मध्यमवर्गीय घरांतला हा प्रसंग श्रोत्यांना सहज डोळ्यांपुढें आणतां येईल. कागदावर आठ-नऊ इंग्रजी नांवें होतीं व प्रत्येकापुढें किंमत होती. खालची बेरीज वाचून गृहस्थांनीं चष्मा काढला, पुसला, आणि ती पुन्हां वाचली. सायकल मागणारा मुलगा त्यांनीं पाहिला होता, क्रिकेटची बॅट मागणाराहि पाहिला होता. परंतु सुटे भाग विकत आणून, ते घरीं जोडून, त्यावर खेळ खेळूं म्हणणारा मुलगा त्यांना नवा होता. घरांत पैसे नव्हते असें नव्हे. पण जे होते ते दोन वर्षें महिन्याच्या महिन्यास बाजूला टाकलेले, पुढील शिक्षणासाठीं राखलेले होते. होकार द्यावा तर उधळेपणा, नकार द्यावा तर मुलाच्या श्रमांची अवहेलना, अशा पेंचांत ते सांपडले.

अशा वेळीं कांहीं वडील कागद न वाचतांच परत करतात, तर कांहीं न वाचतांच पैसे मोजून मोकळे होतात. दोहोंतहि चूक एकच आहे. कागद कोणी वाचीत नाहीं. या घरीं सुदैवानें आजोबा होते. त्यांचें आयुष्य चादरीच्या मागापुढें गेलेलें. त्यांनीं नातवाला जवळ बसवून विचारलें, "बाळा, यांत माग कोणता आणि धोटा कोणता, तेवढें सांग, मग किंमतीचें पाहूं."

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीं. सोलापुरी चादरीवरील नक्षी जॅकार्डच्या मागावर निघते. फ्रान्समधील लियों शहरच्या जोसेफ मारी जॅकार्ड यानें १८०४ च्या सुमारास हा माग सिद्ध केला. त्यांत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक माळ असते. पट्टीला जेथें भोंक असेल तेथील उभा धागा उचलला जातो. जेथें नसेल तेथील खालींच राहतो. "आहे" आणि "नाहीं" या दोन शब्दांवर सारी नक्षी उभी असते. पुढें चार्ल्स बॅबेज यानें आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यांत याच पट्ट्यांची योजना केली, आणि आजचा संगणकहि "एक" आणि "शून्य" या दोनच खुणांवर चालतो. नातवाच्या कागदावरील यंत्र हें आजोबांच्या मागाचें दूरचें आप्तच म्हणावयाचें.

सुटे भाग जोडून संगणक करणें हीहि आपल्याकडे अगदींच नवलाची गोष्ट नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. नरसिंहन् व त्यांचे सहकारी यांनीं टिफरॅक हा संगणक स्वतः रचून १९६० मध्यें पुरा केला. त्यांत २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि स्मरणशक्ति ४० अंकी २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापानें दहा किलोबाइट होती. मुलाच्या कागदावरील १६ जीबी रॅम तिच्या सोळा लाख पटींहून अधिक भरते. पुण्यास १९८८ मध्यें स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें परम ८००० हा महासंगणक तयार केला, तोहि बाजारांत मिळणारे अनेक प्रोसेसर एकत्र गुंफून. घरगुती संगणकाचे भाग निरनिराळ्या कारखान्यांचे असूनहि एकमेकांत बसतात, याचें मूळ १९८१ मधील आयबीएम कंपनीच्या संगणकांत आहे. तो बहुतांशीं इतरांकडून घेतलेल्या भागांचा होता व त्याची रचना गुप्त ठेविलेली नव्हती.

आतां कागद वाचावयाचा तो कोठून? बहुतेक मुलें प्रोसेसरापासून प्रारंभ करतात. खरें पाहतां प्रारंभ पडद्यापासून करावा. कोणते खेळ खेळावयाचे व ते केवढ्या पडद्यावर, हें ठरल्याशिवाय बाकीचे आंकडे व्यर्थ होत. फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके असतात, एकूण २०,७३,६००. फोर-के पडद्यावर ते ८२,९४,४०० होतात, म्हणजे बरोबर चौपट. हे सारे ठिपके यंत्रास सेकंदाला साठ वेळां नव्यानें रंगवावे लागतात. १४४ हर्ट्‌झचा पडदा असेल तर १४४ वेळां. तेव्हां एका चित्रास सेकंदाच्या हजार भागांपैकीं सुमारें सातच भाग मिळतात. ज्या घरीं टेबलापासून दोन हातांवर बसून खेळावयाचें आहे, तेथें फुल एचडी पडदा पुरेसा होतो. हें एक वाक्य मान्य केलें कीं बराच खर्च आपोआप आवरतो.

चित्र रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें, आणि कोणतें चित्र रंगवावयाचें हें ठरविण्याचें काम प्रोसेसराचें. २०२३ मध्यें बाजारांत आलेल्या रायझेन ५ ७६०० या प्रोसेसरांत सहा गाभे आहेत. त्याच वर्षींच्या जीफोर्स आरटीएक्स ४०६० या कार्डांत ३,०७२. हे गाभे एका तोलाचे नव्हेत. प्रोसेसराचे गाभे म्हणजे नक्षी वाचणारे थोडे जाणते कारागीर, कार्डाचे म्हणजे एकच काम एका वेळीं करणारे हजारों हात. आजोबांना हें तत्काळ उमगलें. धोटा कितीहि वेगानें धांवला तरी उभे धागे वेळेवर उचलले गेले नाहींत तर कापड वाढत नाहीं. महागडा प्रोसेसर घेऊन दुबळें कार्ड लावणें, अथवा भारी कार्ड घेऊन जुनाट प्रोसेसर ठेवणें, हें त्यांतलेंच. खेळासाठींच यंत्र असेल तर पडदा वगळून उरलेल्या शंभर रुपयांपैकीं पस्तीस ते चाळीस कार्डास आणि पंधरा ते वीस प्रोसेसरास, असें साधारण मान ठेवावें. कार्डाची स्वतःची स्मृतीहि पाहावी. आठ जीबी फुल एचडीपुरती चालते; बारा किंवा सोळा असल्यास तें कार्ड अधिक वर्षें टिकतें.

यानंतर मदरबोर्ड. येथें चूक झाली तर पैसे फुकट जातात, कारण येथें प्रश्न बऱ्या-वाइटाचा नसून बसण्या-न बसण्याचा असतो. २०२२ मध्यें आलेल्या एएम५ खांचेंत एएमडीचेच त्या खांचेसाठीं केलेले प्रोसेसर बसतात; इंटेलच्या खांचा निराळ्या, आणि त्याहि दर कांहीं वर्षांनीं बदलतात. एएम५ मदरबोर्डावर डीडीआर५ रॅमच चालते. डीडीआर४ ची पट्टी त्यांत बसतच नाहीं, कारण दोहोंची खांच मुद्दाम निराळ्या ठिकाणीं ठेविलेली असते. मदरबोर्ड जुना व प्रोसेसर नवा असेल, तर त्यांतील बायोस अद्ययावत् आहे कीं नाहीं तें दुकानदारास आधींच विचारावें. ज्या इंटेल प्रोसेसराच्या नांवाअखेर "एफ" हें अक्षर असतें, त्यांत स्वतःचें चित्रसामर्थ्य नसतें. वेगळें कार्ड नसल्यास पडदा काळाच राहतो. रॅम एकाच मोठ्या पट्टीऐवजीं सारख्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन वाटांनीं माल आल्यानें काम जलद होतें. आज कित्येक खेळ एकेकटे शंभर जीबीहून अधिक जागा व्यापतात, तेव्हां एसएसडी एक टेराबाइटची असावी.

मुलाच्या कागदावर सर्वांत कमी रक्कम एसएमपीएसपुढें, म्हणजे वीज पुरविणाऱ्या पेटीपुढें होती, आणि सर्वांत शोभिवंत नांव कॅबिनेटचें होतें. बहुतेक कागदांवर असाच क्रम आढळतो, व तो उलटा करणें हें वडील माणसांचें काम आहे. एसएमपीएस हलका निघाला तर तो एकटा मरत नाहीं. मरतांना कार्ड व मदरबोर्डहि बरोबर नेतो. वर सांगितलेलें कार्ड ११५ वॅट घेतें, प्रोसेसर जास्तींत जास्त नव्वदच्या आसपास, बाकी भाग पन्नास-साठ. बेरीज तीनशेच्या आंतच राहते. तरीहि नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा घेणें श्रेयस्कर. "८० प्लस" ही खूण अशा पेट्यांवर असते. ती किती वीज वांया जाते एवढेंच सांगते, संरक्षणाची हमी देत नाहीं. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे तेंहि पाहावें. वीज अकस्मात् गेल्यास यंत्र नीट बंद करतां यावें म्हणून यूपीएस हवा; पण त्यावरील ६०० व्हीए हा आंकडा म्हणजे ६०० वॅट नव्हे, तो बहुधा ३६० वॅटच भरतो. आणि सर्वांहून महत्त्वाचें, खोलींतील तीन पिनांच्या सॉकेटला खरें अर्थिंग आहे कीं केवळ तिसरें भोंक आहे, हें जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें. हा खर्च सर्वांत थोडा, आणि प्रश्न मुलाच्या जिवाचा आहे.

सोलापूरचा उन्हाळा हा या कागदावर नसलेला पण हिशेबांत धरावयाचा दहावा भाग होय. पंखा कितीहि उत्तम असला तरी तो खोलींतील हवेहून यंत्र थंड करूं शकत नाहीं. एखादा भाग काम करतांना खोलीपेक्षां चाळीस अंशांनीं तापत असेल, तर २५ अंशांच्या खोलींत तो ६५ वर राहील. मे महिन्यांत पारा ४२ वर गेला कीं तोच ८२ वर जाईल. ९५ अंशांच्या आसपास रायझेन ७६०० सारखा प्रोसेसर स्वतःला वांचविण्यासाठीं वेग कमी करतो, आणि मग मोजलेले पैसे कामास येत नाहींत. म्हणून समोर कांचेऐवजीं जाळी असलेलें कॅबिनेट घ्यावें, हवा पुढून आंत व मागून बाहेर जाईल असे पंखे बसवावे, आणि जाळीवरची धूळ पंधरवड्यास पुसावी. ज्या वस्तींत यंत्रमाग चालतात, तेथें सुताचा बारीक कापूस पंख्यांत अडकतो हें आजोबांना सांगावें लागलें नाहीं. कार्डाची लांबी त्या कॅबिनेटमध्यें मावते ना, हेंहि पट्टीनें मोजून पाहावें.

वापरलेलें कार्ड स्वस्तांत मिळतें, तें घ्यावें काय? येथें थोडा इतिहास ध्यानांत ठेवावा. २०२१ च्या सुमारास आभासी चलनासाठीं लोकांनीं हजारों कार्डें रात्रंदिवस राबविलीं, तेव्हां त्यांच्या किंमती गगनाला भिडल्या. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियम या चलनाची पद्धति बदलली व तीं कार्डें जुन्या बाजारांत आलीं. अशा राबलेल्या वस्तूचा मागील इतिहास तिच्या अंगावर लिहिलेला नसतो. नवें घेतांनाहि पक्कें बिल घ्यावें, वॉरंटी कोणाच्या नांवें व कोठें मिळते तें विचारावें. पुण्यास दोन हजार वांचले, पण बिघाड झाल्यास यंत्र घेऊन पुन्हां अडीचशे किलोमीटर जावें लागलें, तर ते वांचलेच नाहींत.

मातोश्रींची चिंता निराळी होती. खेळाच्या नांवाखालीं पैजा लागतात असें त्यांच्या कानीं आलें होतें. ती चिंता रास्तच होती. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या कायद्यानें बंदी घातली. ई-स्पोर्ट्‌सला मात्र त्याच कायद्यानें मान्यता दिली, आणि २०२३ मध्यें हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत त्यांसाठीं पदकेंहि होतीं. खेळ आणि जुगार यांतील भेद घरांतील मोठ्यांनीं जाणावा, म्हणजे मुलाशीं त्याविषयीं बोलतां येतें. खेळ किती वेळ, याचाहि हिशेब असावा. साडेतीनशे वॅटचें यंत्र रोज तीन तास चाललें, तर महिन्यास सुमारें बत्तीस युनिट वीज खर्ची पडते.

तीन संध्याकाळीं तिघांनीं तो कागद वाचला. फोर-के पडदा गेला, रंगीत दिव्यांचें कॅबिनेट गेलें, एसएमपीएसची रक्कम वाढली, वायरमनची मजुरी नव्यानें आली. बेरीज पहिलीच्या दोन-तृतीयांशावर उतरली, आणि गृहस्थांनीं तीपैकीं निम्मीच रक्कम राखीव पैशांतून दिली. बाकीची बक्षिसाच्या व स्वतः सांठविलेल्या पैशांतून मुलानें भरली.

रविवारीं जेवणाच्या टेबलावर जुळणी झाली. कळ दाबली, पंखे फिरले, पण पडदा काळाच. मुलाचा चेहरा उतरला. वडिलांना पैसे बुडालेसें वाटलें. आजोबा म्हणाले, "घाबरूं नका. माग बंद पडला तर आधीं सुटलेला धागा शोधावा." वीज बंद करून मुलानें एकेक भाग तपासला. रॅमची एक पट्टी अर्धवटच बसली होती. ती दाबतांच "टक्" असा आवाज झाला, आणि दुसऱ्या वेळीं पडद्यावर अक्षरें उमटलीं.

तयार यंत्र विकत आणलें असतें, तर ही चूक घडली नसती आणि तिचें कारणहि कधीं कळलें नसतें. पुढें तें यंत्र बिघडेल तेव्हां त्या घरांत आतां निदान एक माणूस असा आहे, जो झांकण उघडावयास भिणार नाहीं. मुलाचा तो पहिला कागद वडिलांनीं फाडला नाहीं. बिलांबरोबर घडी करून कपाटांत ठेवून दिला.