स्थानभ्रष्ट अवशेष आणि त्यांची मांडणी



देवघरातील मूर्ती जागेवरून हलविण्याचा प्रसंग आला की घरातील जाणती माणसे क्षणभर थबकतात. पाषाण उचलता येतो. पण त्या स्थानाशी जडलेला भाव कसा उचलावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. असाच प्रसंग एकदा कृष्णाकाठच्या एका संपूर्ण खोऱ्यावर आला.

हे खोरे म्हणजे नागार्जुनकोंडा. इसवी सनाच्या तिसऱ्या व चौथ्या शतकांत येथे इक्ष्वाकू राजांची विजयपुरी ही राजधानी नांदत होती. 1926 मध्ये तिचे अवशेष विद्वानांच्या दृष्टीस पडले. पुढे 1955 मध्ये नागार्जुनसागर धरणाची कोनशिला बसली आणि हे सारे खोरे जलाशयाखाली जाणार हे निश्चित झाले. धरणाच्या पाण्यावर हजारो शेतकऱ्यांचे अन्न अवलंबून होते. म्हणून धरण थांबविणे उचित नव्हते आणि इतिहास बुडू देणेही उचित नव्हते. 1954 ते 1960 या काळात पुरातत्त्व खात्याने तेथे विस्तृत उत्खनन केले. अश्मयुगीन हत्यारांपासून मध्ययुगीन दुर्गापर्यंत अनेक युगांच्या खुणा त्यातून प्रकट झाल्या. निवडक नऊ वास्तू उचलून टेकडीच्या माथ्यावर पुन्हा रचण्यात आल्या. खोरे भरल्यावर तो माथा बेट झाला. आजही यात्रेकरू नावेनेच तेथे जातात. 1966 मध्ये स्थापन झालेले तेथील संग्रहालय बौद्ध विहाराच्या धर्तीवर बांधलेले आहे.

येथे मांडणी करणाऱ्याची खरी कसोटी लागते. पूर्वी नदीकाठी असलेला दगडी स्नानघाट आता टेकडीवर आहे. ज्या पाण्याने त्याचे मूळ स्थान गिळले, ते सभोवार पसरलेले दिसते. परंतु त्या पायऱ्यांना ते स्पर्श करीत नाही. घाट येथे का आला, हे कोणी सांगितले नाही तर पाहणाऱ्याला तो केवळ पायऱ्यांचा ढीग वाटेल. म्हणूनच संग्रहालयात बुडालेल्या खोऱ्याची प्रतिकृती ठेवलेली आहे. तीत स्तूप, विहार व मंदिरे परस्परांपासून कोठे होती हे एका दृष्टिक्षेपात कळते. जे वाचले त्याच्याबरोबर जे गेले तेही दाखविणे, हा प्रामाणिक मांडणीचा पहिला धर्म होय.

दुसरा धर्म समदृष्टीचा. फिकट हिरवट चुनखडीच्या दगडात कोरलेली बुद्धचरित्राची दृश्ये मन वेधून घेतात. तथापि विजयपुरी केवळ बौद्धांची नव्हती. राजा चांतमूल याने अश्वमेध केला आणि त्याची बहीण चांतिश्री हिने महाचैत्याच्या कामी उदार हस्ते दान दिले. तेथील शिलालेखांत अष्टभुजस्वामी विष्णूचाही उल्लेख आढळतो. वैदिक यज्ञ आणि बुद्धाचा स्तूप एकाच राजकुलाच्या छायेत नांदत होते. सुंदर शिल्पे तेवढी पुढे मांडून बाकीचे अडगळीत टाकले, तर दालन शोभिवंत होईल. पण ते सत्य सांगणार नाही.

तिसरा धर्म संयमाचा. भग्न मूर्तीचा हात नवा करून जोडण्याचा मोह होतो. जेथे जोड अपरिहार्य असेल, तेथे जुने कोणते व नवे कोणते हे पाहणाऱ्यास ओळखू आले पाहिजे. दगडावरील उठाव दिसण्यास बाजूने येणारा मंद प्रकाश पुरतो; भपका लागत नाही. फलकावरील मजकूर मोजका, आणि पंडिताप्रमाणेच शेतकऱ्यासही समजेल असा असावा.

या तीन गोष्टींचे स्मरण मठ-मंदिरांच्या आवारातही उपयोगी पडणारे आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुने खांब, कोरीव उंबरे, वीरगळ आणि लेख असलेल्या शिळा भिंतीकडेला टाकल्या जातात. कधी त्यांवर रंग फासला जातो, कधी त्या पायाभरणीत गडप होतात. शिळा हलविण्यापूर्वी ती कोणत्या जागी, कोणत्या दिशेस तोंड करून होती, एवढे टिपून ठेवावे व तिचे छायाचित्र घ्यावे. या कामास द्रव्य थोडे लागते, आस्था मात्र पुष्कळ लागते. नागार्जुनकोंड्यास पाणी चढण्यापूर्वी काही वर्षांचा अवधी मिळाला होता. मठाच्या आवारातील शिळेला तेवढाही अवधी मिळत नाही. कुदळ एका सकाळी पडते. त्या सकाळपूर्वी कोणीतरी वही घेऊन तेथे उभे राहावे, हीच पूर्वजांची सेवा होय.