ज्याला नांगर घ्यायचा नाही, त्याच्यासाठी

(नौपाडा, ठाणे येथे हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘सोशल मीडियावरचा ग्राहक टिकवावा कसा’. समोर गोखले रोड, राम मारुती रोडचे बरेच दुकानदार दिसताहेत. घरून फराळ, साड्या, दागिने विकणाऱ्या ताईही आहेत. तेव्हा रील म्हणजे काय, स्टेटस म्हणजे काय, यात वेळ घालवत नाही. ते तुम्ही रोज करता.

मी सरळ माझ्या मतावर येतो. छोट्या व्यवसायांसाठी मजकूर लिहिणं हे माझं काम आणि त्यात मी एकच कसोटी लावतो. तुमचा निरोप वाचणाऱ्याने आज काहीही विकत घ्यायचं नाही असं ठरवलेलं असलं, तरी त्याच्या हाती काही लागतं का? लागत असेल तर पाठवा. नसेल तर थांबा.

गेल्या दिवाळीत एका कपड्यांच्या दुकानाने मला धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत एकाच सेलचे निरोप पाठवले. सकाळी चित्र, दुपारी तेच चित्र, रात्री ‘शेवटचे काही तास’. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेवटचे काही तास. (मागून आवाज : “आमच्याच दुकानाचं असेल!” हशा.) नाव मी सांगणार नाही. पण ज्यांनी गेल्या महिन्यात एखाद्या दुकानाला म्यूट केलं, त्यांनी हात वर करा बरं. बघा, जवळजवळ सगळे. आणि असे निरोप ज्यांनी पाठवले, त्यांनी? (मोठा हशा.) राहू द्या.

यावर उपाय म्हणून लोक अमेरिकेतली पुस्तकं वाचतात. माझं म्हणणं, आपण किर्लोस्करवाडीला जाऊ या.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावचं सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर, लोखंडाने जमीन नासते ही शेतकऱ्यांची समजूत, 1910 साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर वसवलेला कारखाना. ते पाठ्यपुस्तकात असतं. मला बोलायचंय ते 1920 सालाबद्दल. त्या वर्षी कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं पत्रक सुरू केलं. संपादक शंकरराव, म्हणजे शं. वा. किर्लोस्कर, लक्ष्मणरावांचे पुतणे. पिंड चित्रकाराचा. पत्रकाचा हेतू अगदी व्यापारी होता. कारखान्यात काय तयार होतंय ते गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळावं, एवढाच. आज आपण ज्याला कंपनीचं पेज म्हणतो, तेच.

शंकररावांच्या लवकर लक्षात आलं असणार की नांगर माणूस काही दर महिन्याला घेत नाही. मग दर महिन्याला त्याला सांगायचं काय? तिथून ते पत्रक बदलत गेलं. उद्योगधंद्यांविषयी लेख आले, कथा आल्या, चित्रं आली, स्त्रियांच्या प्रश्नांवर, रूढींवर लिखाण आलं. पुढे नावातली ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ हे महाराष्ट्राचं मासिक झालं. 1930 साली ‘स्त्री’ निघालं, 1934 साली ‘मनोहर’. मुंबईच्या चाळीतल्या कारकुनाला नांगर कशाला हवा होता? पण तो वर्गणी भरत होता! जाहिरात वाचण्यासाठी पदरचे पैसे देणारा ग्राहक आज कुठल्या कंपनीकडे आहे, मला दाखवा.

आणि ते काही गोड गोड लिहीत नव्हते. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख ‘किर्लोस्कर’ने छापले. गाईला देवता मानायचं की उपयुक्त पशू, यावर सनातनी मंडळी केवढी खवळली होती. मतावरून चिडलेला वाचक उलट पत्र लिहितो, भांडतो, पुढचा अंक उघडतो. तेच तेच ऐकून कंटाळलेला वाचक मात्र न सांगता निघून जातो, आणि दुकानदाराला पत्ताही लागत नाही. तुम्ही भीती या दुसऱ्याची बाळगा.

(पुढच्या रांगेतील एक गृहस्थ : “त्यांच्याकडे कारखाना होता, पैसा होता. आम्ही दहा बाय बाराच्या गाळ्यात बसतो.”)

हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि तो मला मान्य नाही. शंकररावांना प्रत्येक वाचकामागे कागद, छपाई, टपालहशील पडत होतं. म्हणून पाठवण्याआधी विचार होत होता. तुम्हाला पाठवायला काहीच पडत नाही, सगळा घोटाळा तिथे आहे. मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला नाही, साहेब. तुमच्याच गल्लीतलं उदाहरण देतो.

घंटाळीच्या बाजूला एक ताई घरून उकडीचे मोदक करून देतात. गणपतीच्या आधी त्या आपल्या यादीवर रोज एक गोष्ट सांगतात. उकड गरम असतानाच का मळायची, कळ्या फाटतात कशाने, सारण कोरडं कधी करायचं. घरचे म्हणाले, सगळं शिकवलंस तर गिऱ्हाईक घरीच करेल. काहींनी केलेही. पण ज्यांना एकवीस हवे होते आणि वेळ नव्हता, त्यांना फोन कुणाला लावायचा हा प्रश्नच पडला नाही. बाकी वर्षभर या ताईंचे निरोप फार थोडे असतात. संकष्टीच्या आदल्या दिवशी ‘उद्या मोदक आहेत, संध्याकाळी सहाला तयार’, एवढंच. (टाळ्या.)

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. दहाच मिनिटं उरली? मंडळी, किर्लोस्करवाडीत जरा जास्त रमलो, पण ते गरजेचं होतं. मुंबई पोलिसांच्या ट्विटर खात्याबद्दल सविस्तर बोलायचं होतं. 2015 च्या डिसेंबरात ते सुरू झालं आणि हेल्मेट-सिग्नलसारख्या रुक्ष गोष्टी लोक हसत हसत वाचू लागले. ‘कालनिर्णय’चंही तसंच. 1973 पासून जयंतराव साळगावकरांनी पानामागे लेख आणि पाककृती दिल्या, म्हणून ते बारा महिने भिंतीवर राहतं. तेही सोडतो.

दोन कामाच्या गोष्टी. एक, ‘पटलं तर लाइक करा, पाच मित्रांना टॅग करा’ हे बंद करा. अशा पोस्ट खाली ढकलू, असं फेसबुकने 2017 च्या डिसेंबरातच जाहीर केलं होतं. दोन, व्हॉट्सअॅपची साधी ब्रॉडकास्ट लिस्ट 256 जणांची असते आणि ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय, त्यालाच निरोप पोहोचतो. लोक याला अडचण समजतात. मला ती फार न्यायाची वाटते. तुम्हाला घरात घ्यायचं की नाही, हे समोरच्याने आधी ठरवलेलं असतं. म्हणून नंबर विकत आणून ग्रुपमध्ये कोंबू नका. आणि ज्याने ‘नको’ म्हटलं, त्याचं नाव त्याच दिवशी काढा.

(श्रोत्यांतून एक बाई : “आठवड्यातून किती पाठवायचे, ते सांगा ना.”)

आकडा विचारू नका, ताई. तुमचा धंदा कशाचा? साड्यांचा. मग पैठणी घडी घालून किती दिवस ठेवायची, घडी कधी मोडायची, जरीवर डाग पडला तर काय करायचं, याचं उत्तर तुमच्याकडे आहे. ते लिहा. लग्नसराईत जास्त लिहाल, पितृपक्षात कमी. नवा माल आला की एकदा सांगा, पुन्हा नको. आणि कुणी उलट प्रश्न विचारला, तर नवा निरोप टाकण्याआधी त्याला उत्तर द्या. फोन घेऊन खाली या, संयोजक परवानगी देतील तोवर तुमची यादी आपण बसून बघू.