सुईवाचून साखर मोजता येईल काय?



उदयनगरसारख्या गावी विज्ञान शिकविण्यात ज्यांनी आयुष्य वेचले अशा शिक्षकांच्या स्मरणार्थ बोलावयाचे, तर विषय प्रयोगाने पारखता येण्याजोगा असावा, म्हणून मी रक्तशर्करा निवडली. पोहे-जिलबीच्या आपल्या माळव्यात मधुमेह कोणाला अपरिचित नाही. ज्यांना इन्सुलिन घ्यावे लागते ते दिवसातून अनेकदा बोट टोचतात आणि दर वेळी एक पट्टी खर्ची पडते. अशा माणसाला कोणी ‘हे घड्याळ मनगटाला बांधा, साखर दिसेल’ असे म्हटले, तर त्याने ते हौसेने विकत घ्यावे यात नवल नाही. प्रश्न एवढाच की, त्या घड्याळाला तरी साखर दिसते काय?

कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, आपणांपैकी अनेकांनी बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू पाहिला असेल. त्यामागील तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. तेथे टोचावे लागत नाही. मग साखरेलाच का? उत्तर रंगात आहे. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन लालभडक, तो सोडलेले काळपट. तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार धाडले की कोणता किती शोषला गेला यावरून हिशेब लागतो. शिवाय एका लिटर रक्तात हिमोग्लोबिन असते सुमारे १५० ग्रॅम. ग्लुकोज मात्र, निरोगी माणसाच्या उपाशीपोटी, एका लिटरमध्ये ग्रॅमभरही नसते. आणि ते बिनरंगी असते.

घरी एक प्रयोग करा. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम साखर विरघळवा, शेजारी तेवढेच साधे पाणी ठेवा आणि धाकट्या भावंडाला नुसते पाहून ओळखावयास सांगा. मग दोन्हींत थोडे थोडे दूध ओता. आपली कातडी प्रकाशाला या दुधासारखीच विखरून टाकते. ग्लुकोज अवरक्त प्रकाश शोषते हे खरे. परंतु पाणीही शोषते, आणि शरीरात पाण्याला तोटा नाही. घाम आला, पट्टा सैल झाला, कातडी किंचित गार पडली, तरी त्या बदलात साखरेची खूण बुडून जाते.

१९९८ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे मार्क आर्नल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी प्रकाशाच्या दृष्टीने मानवी ऊतींसारखे भासणारे कृत्रिम नमुने घेतले. त्यांत ग्लुकोजचा कणही नव्हता. त्यांचे वर्णपट टिपून प्रत्येकाला साखरेचा एकेक आकडा जोडून दिला आणि गणिताने दोहोंची सांगड घातली. सांगड जुळली! नसलेली साखर यंत्र मोजीत आहे असे दिसू लागले. वर्णपटात आकडे पुष्कळ असतात. त्यांतील योगायोगही नियमासारखा दिसतो. घड्याळ विकणाऱ्याला या प्रयोगाविषयी अवश्य विचारावे, असे मला वाटते.

प्रामाणिक प्रयत्नही झाले. ‘ग्लुकोवॉच’ या मनगटी यंत्राला २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. सौम्य विद्युतप्रवाहाने ते कातडीतून साखर बाहेर ओढी. कातडी लाल होई, खाज सुटे, आणि यंत्र जुळवून घेण्यासाठी बोट टोचावे लागेच. ते बाजारात टिकले नाही. दंडावर चिकटविण्याच्या यंत्रांशी मात्र गल्लत नको. त्यांची बारीक तार कातडीखाली शिरते, साखर ती तार ओळखते, आणि घड्याळ केवळ तो आकडा दाखविते.

नुसत्या घड्याळाने किंवा अंगठीने, कातडी न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारे कोणतेही साधन आपण मान्य केलेले नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला. हा सूक्ष्म तांत्रिक वाद नव्हे. समजा, घड्याळाने २५० दाखविले आणि रक्तात खरोखर ७० मिलिग्रॅमच आहे. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन घेतले, तर माणूस बेशुद्ध पडू शकतो. आणि रात्रीच्या वेळी इंदूर फार लांब असते.

तरीही मी निराश नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यास जो परिणाम पाहिला, त्यात विखुरलेल्या प्रकाशात प्रत्येक रेणूची स्वतःची खूण उमटते. त्याच मार्गाने २०२० साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्था आणि सॅमसंग यांच्या संशोधकांनी जिवंत डुकरांच्या कातडीतून ग्लुकोजची खूण थेट टिपली. तेथून मनगटापर्यंतची वाट लांब आहे. ती चालणारा कदाचित या सभागृहात बसला असेल.

तोवर पट्टी बरी. अनेक पट्ट्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर असते. प्रकाशाला जी निवड साधत नाही ती ते साधते. टोचावयाचे बोट आधी धुऊन कोरडे करावे, कारण गूळ किंवा पिकलेले फळ हाताळल्यावर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि आकडा खोटाच वाढतो. आणि बोटाच्या टोकाला मधोमध न टोचता कडेला टोचावे. तेथे कमी दुखते.