संस्था अनेक, यादी एक
(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)





मी काही मोठा वक्ता नाही. पाटण तालुक्यात शिक्षकाची नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या संस्थेत मुलांचे अर्ज भरून देतो. त्या कामात माझ्या हातून झालेली एक चूक आज आपल्यापुढे मांडतो. ती चूक माझ्या एकट्याची नाही, असे मला वाटते.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात आपण वह्या वाटल्या. त्याच आठवड्यात गावातल्या एका मंडळाने वाटल्या आणि एका ट्रस्टनेही वाटल्या. बाजारपेठेत राहणाऱ्या एका मुलाला तिन्हीकडून वह्या मिळाल्या. फोटोही तीन निघाले. त्याच जूनमध्ये डोंगरावरच्या एका वाडीतली मुलगी दहावी चांगल्या गुणांनी पास होऊनही अकरावीला आली नाही. तिला वह्या नको होत्या. शेवटची एस.टी. गाठायची तर रोज शेवटचे तास बुडणार होते. तिला राहायला जागा हवी होती. दिवाळीनंतर मला कळले, की गावातच दुसऱ्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात त्या वर्षी जागा रिकामी होती. मी धावत निरोप पाठवला. तोवर ती शिवणकामाला लागली होती. तिचे ते वर्ष गेले आणि पुढचे शिक्षणही गेले.

बंधू-भगिनींनो, येथे पैसा कमी पडला नाही, निरोप कमी पडला. ‘गाव करी ते राव न करी’ असे आपण म्हणतो. पण गावाने काही करायचे, तर गावातल्या माणसांनी आधी एकमेकांशी बोलायला हवे.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. खेड्यातल्या मुलाला शहरात शाळा आहे पण राहायला जागा नाही, हे दुखणे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. त्यातच १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगची सुरुवात झाली. चूल आपापली, पण शाळा-कॉलेज सर्वांचे एकच, अशी ती व्यवस्था होती. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९१९ साली शेजारच्या कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला भेट दिली. मुलांच्या जेवणासाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा होई. ती मूठ कोणत्या घरची, हे भाकरीत दिसत नसे.

दुसरे उदाहरण तर आपल्या तालुक्याशीच नाते सांगणारे आहे. मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत माथाडी कामगारांची संघटना बांधली. आपल्यापैकी कितीतरी घरांतले कोणी ना कोणी मुंबईत ओझी वाहून आले आहे. माथाड्याला एक मालक नसतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. म्हणून त्याची जबाबदारी कोणाचीच नसे. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि मंडळे नेमली गेली. मालक अनेकच राहिले. पण कामगाराची नोंद, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी यांचा हिशेब मंडळामार्फत होऊ लागला. नोंद एका जागी आली, तेव्हा माणूस मोजला जाऊ लागला. आपल्या मुलांचेही असेच आहे. त्यांना मदत करणारे अनेक आहेत. पण त्यांची नोंद एका जागी नाही.

कोणी म्हणेल, “सर, म्हणजे आपली संस्था दुसऱ्यात विलीन करायची काय?” मुळीच नाही. प्रत्येक सार्वजनिक ट्रस्टचा हिशेब निराळाच राहतो आणि तो धर्मादाय कार्यालयाला द्यावाच लागतो. पैसा एकत्र करण्याची गरज नाही. माहिती आणि वेळ एकत्र करू या. यासाठी माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना अशी, की मे महिन्यात आपली संस्था, जमात, गावातली इतर मंडळे आणि शाळांचे मुख्याध्यापक यांनी एक दिवस एकत्र बसावे आणि गरजू मुलांची एकच यादी करावी. ती फळ्यावर लावायची नाही. गरिबाचीही अब्रू असते. दुसरी, कामे वाटून घ्यावीत. एकाने पुस्तके, एकाने फी, एकाने राहण्याची सोय, एकाने उत्पन्नाचे आणि अधिवासाचे दाखले पाहावेत. तिसरी, दहावीच्या निकालानंतर यादीतल्या प्रत्येक घरी कोणीतरी स्वतः जावे. जो अर्ज करतो त्याला मदत मिळते. जो वाडीत बसून आहे, त्याला अर्ज असतो हेच ठाऊक नसते.

आपले नाव मागे पडेल, ही भीती मलाही वाटली होती. पण ज्या मुलीचे शिक्षण थांबले, तिच्या घरी आज कोणत्याच संस्थेचे नाव निघत नाही.

पालकांना माझी विनंती आहे, की एका ठिकाणी मदत मिळाली असेल तर दुसरीकडे तसे मोकळेपणाने सांगा. तुम्ही सोडलेला वह्यांचा एक संच दुसऱ्याच्या मुलाच्या दप्तरात जाईल. आणि मुलीची अडचण असेल तर ती मनात ठेवू नका. गप्प राहिलेल्या घरापर्यंत कोणतीही संस्था पोहोचत नाही. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्या पुण्या-मुंबईला जाल. तिथे स्थिरावल्यावर मागून येणाऱ्या एका मुलाला खोली, कॉलेज आणि अर्जाची तारीख एवढे सांगितलेत, तरी या संस्थेचे ऋण फिटले असे समजा.

पुढच्या वर्षीच्या अहवालात किती वह्या वाटल्या हा आकडा खुशाल छापा. पण त्याच्या वर दुसरा आकडा असू द्या. आपल्या यादीतल्या किती मुली दहावी झाल्या आणि त्यांतल्या किती अकरावीच्या हजेरीपटावर आल्या, हे तेथे लिहा. त्या दोन आकड्यांत जेवढे अंतर राहील, तेवढे आपले काम शिल्लक आहे.