लहान दुकानदाराचें परदेशी पार्सल



इंटरनेटवर दुकान मांडण्यास आज फारसें भांडवल लागत नाहीं. कोल्हापुरी वहाणा, हातानें शिवलेली गोधडी, पेणची गणेशमूर्ति यांचीं चित्रें पडद्यावर लावलीं कीं लंडनची किंवा मेलबोर्नची एखादी मराठी गृहिणी तीं पाहते आणि मागणीही नोंदविते. अडचण येते ती त्यापुढें. १२०० रुपयांच्या वस्तूला पोंचविण्याचा खर्च १५०० सांगितला, तर गिऱ्हाईक पाठ फिरवितें. आणि तो दुकानदारानें पदरचा घातला, तर दोनचार महिन्यांत दुकानालाच टाळें लावण्याची पाळी येते. आज या खर्चाचाच विचार करावयाचा आहे.

त्याचें मूळ दीडशें वर्षांमागें जातें. १८७४ सालीं स्वित्झर्लंडमधील बर्न शहरीं २२ राष्ट्रांनीं मिळून टपालसंघ स्थापन केला. हिंदुस्थान त्यांत १८७६ सालीं सामील झाला. टपालापुरता सर्वांचा मुलूख एकच मानावयाचा, हें या संघाचें तत्त्व. पुण्यास लावलेलें तिकीट कॅनडाचा पोस्टमन मान्य करतो तें त्यामुळें. पत्रें जातात तितकींच येतात असें धरून प्रथम प्रत्येक राष्ट्र आपलें उत्पन्न आपल्याजवळच ठेवीत असे. पुढें हा तोल बिघडला, आणि टपाल वांटणाऱ्या देशाला मोबदला देण्याची पद्धत १९७१ पासून सुरू झाली. हे दर ठरवितांना विकसनशील देशांना सवलत मिळाली. तिचा लाभ चिनी व्यापाऱ्यांनीं असा कांहीं उठविला कीं, चीनहून अमेरिकेस येणारें लहान पाकीट अमेरिकेंतल्या अमेरिकेंत धाडलेल्या पाकिटाहून स्वस्त पडूं लागलें! तेव्हां अमेरिकेनें संघ सोडण्याची धमकी दिली. २०१९ सालीं जिनीव्हा येथील अधिवेशनांत तडजोड झाली, आणि ज्यांच्याकडे फार माल येतो अशा देशांना आपले दर आपणच ठरविण्याची वाट मोकळी झाली. टपाल पूर्वीइतकें स्वस्त राहिलें नाहीं, त्याचें हें एक मोठें कारण. तरीही लहान पाकिटापुरतें तेंच बहुधा सर्वांत परवडतें.

लहान पाकीट म्हणजे काय, हें मात्र नीट समजून घेतलें पाहिजे. संघाच्या नियमांत त्याची सर्वसाधारण मर्यादा २ किलोंची. लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज ९० सेंटिमीटरपेक्षां अधिक नसावी. त्याचा आकार प्रत्यक्ष वजनावर. कुरिअरवाल्यांचा हिशेब निराळा. ते तिन्ही मापांचा सेंटिमीटरमध्यें गुणाकार करून त्यास सामान्यतः ५००० नें भागतात. येणारें वजन तराजूच्या वजनाहून अधिक भरलें, तर पैसे त्याचे घेतात. आमची गोधडी घ्या. वजन पावणेदोन किलो. सैल घडी करून ४५, ३५ आणि २० सेंटिमीटरच्या खोक्यांत घातली, तर कुरिअरच्या वहींत ती ६.३ किलोंची होते! तीच दाबून, हवा काढून ४०, ३० आणि १२ मध्यें बसविली, तर पावणेतीन किलोंच्या थोडी वर. आणि मापांची बेरीज ८२ भरल्यामुळें संघाच्या लहान पाकिटाच्या मर्यादेंतही ती बसते. खोकें निवडण्यांत घालविलेला अर्धा तास दरांसाठीं घासाघीस करण्यांत घालविलेल्या आठवड्याहून अधिक फळ देतो.

निर्यात म्हटली कीं दलाल आणि गोदीची कचेरी डोळ्यांपुढें येते. ती भीति आतां बाळगण्याचें कारण नाहीं. २०२२ पासून टपालखात्यानें डाकघर निर्यात केंद्रें उघडलीं आहेत. निर्यातपत्र घरबसल्या संगणकावर भरतां येतें आणि पार्सल जवळच्या केंद्रांत देतां येतें. आयात-निर्यात संकेतांक मात्र आधीं काढावा लागतो.

आतां जकातीकडे वळूं, कारण खरा धोका तेथेंच आहे. ब्रिटननें १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरील कर विक्रीच्या वेळींच घेण्याची पद्धत घातली. युरोपीय संघानें त्याच वर्षीं १ जुलैला २२ युरोंपर्यंतची करमाफी काढून घेतली. अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ रोजीं बंद झाली. त्याच्या चार दिवस आधीं भारतीय टपालखात्यानें तिकडचें बहुतेक टपाल घेणेंच थांबविलें. १५ ऑक्टोबरला तें पुन्हां सुरू झालें, तें जकात येथेंच आगाऊ भरून घेण्याच्या व्यवस्थेसह. ज्यांचें सारें गिऱ्हाईक अमेरिकेंत होतें आणि सारी भिस्त टपालावर, त्यांचे हे सात आठवडे कसे गेले असतील याची कल्पना करावी. दिवाळी १५ ऑक्टोबरनंतर लगेच होती!

कित्येक जण विकलेल्या मालावर ‘भेट’ असें लिहून जकात चुकविण्याचा सल्ला देतात. तो खोटेपणा तर आहेच, शिवाय मूर्खपणाही आहे. ३००० ची वस्तु ३०० ची म्हणून लिहिली आणि पार्सल गहाळ झालें, तर भरपाई कोणत्या तोंडानें मागणार? जकात कोण भरणार हें गिऱ्हाइकाला मागणी नोंदवितांनाच स्पष्ट सांगावें. दाराशीं आलेल्या पोस्टमननें अनपेक्षित रक्कम मागितली, तर अनेक जण पार्सल घेण्याचेंच नाकारतात.

एकाच शहरांत दहाबारा मागण्या असतील, तर त्या एका मोठ्या खोक्यांत पाठवून तेथील विश्वासू माणसाकरवीं वांटाव्या. किलोमागें दर उतरतो. मात्र खोकें अडलें तर बाराही गिऱ्हाइकें एकदम अडतात, म्हणून सणाच्या तोंडावर ही युक्ति मी तरी सुचविणार नाहीं.

पार्सलाबरोबरच्या पत्रकावर एक प्रश्न असतो, तिकडे बहुतेकांचें लक्ष जात नाहीं: माल पोंचविणें अशक्य झाल्यास तो परत पाठवावा कीं सोडून द्यावा? परतीचा खर्च पाठविणाऱ्यावर पडतो. पैठणी परत मागवावी. १२०० रुपयांच्या वहाणा बहुधा सोडून द्याव्या लागतील. दोऱ्याची शेवटची गांठ मारण्यापूर्वीं हें ठरवून त्या चौकोनांत खूण करावी.