कुलूप चिपचे, शिक्का कोणाचा?



टीव्हीने मुले बिघडतात का, हा वाद आपल्या मंडपाला नवा नाही. तो मी उकरून काढत नाही. मला बोलायचे आहे ते कुलपाबद्दल आणि त्याहून अधिक शिक्क्याबद्दल.

व्ही-चिप, म्हणजे टीव्हीतले कुलूप, तुम्हाला ऐकून ठाऊक आहे. ती घडवली कॅनडातले अभियंते टिम कॉलिंग्ज यांनी. ६ डिसेंबर १९८९ रोजी माँट्रियलच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये १४ स्त्रियांची हत्या झाली. त्या धक्क्यातून ते या कामाकडे वळले. रचना साधी होती. कर्णबधिर प्रेक्षकांसाठीचा मजकूर चित्रसंकेताच्या एकविसाव्या ओळीतून जायचा, त्याच ओळीतून कार्यक्रमाची श्रेणीही पाठवायची. आईवडिलांनी आखलेल्या मर्यादेबाहेरची श्रेणी आली की पडदा बंद.

इथे एका मुलीविषयी सांगायलाच हवे. व्हर्जिनी लारिविएर, क्वेबेकची, १३ वर्षांची. १९९२ मध्ये तिच्या धाकट्या बहिणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. यामागे पडद्यावरची हिंसा आहे, असे तिच्या मनाने घेतले आणि तिने सह्यांची मोहीम उभारली. इंटरनेट घरोघरी पोचलेले नव्हते, तरी दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या! कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांना ते निवेदन स्वीकारावे लागले. (टाळ्या) कायदे वरून येतात असे आपण समजतो. या प्रश्नाला धार आणली ती एका शाळकरी मुलीने. तिच्याबद्दल तासभर बोलता येईल, पण अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे.

तर, ८ फेब्रुवारी १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी अमेरिकेच्या दूरसंचार कायद्यावर सही केली. त्यानुसार १ जानेवारी २०००पासून तिथल्या १३ इंच आणि त्याहून मोठ्या प्रत्येक नव्या टीव्हीत चिप सक्तीची झाली. २००४च्या कैसर फाउंडेशनच्या पाहणीत मात्र ती वापरल्याचे सांगणारे पालक होते जेमतेम १५ टक्के.

समोरून आजोबा म्हणताहेत, ‘आमच्या घरी पासवर्ड फक्त नातवाला ठाऊक!’ (हशा) हसा, पण दोष सगळा आजोबांचा नाही. चिप कार्यक्रम पाहत नाही, त्यावरचा श्रेणीचा शिक्का वाचते. आणि तो शिक्का मारतात वाहिन्याच. बातम्या, खेळ आणि जाहिराती यांना तिथे श्रेणीच नाही. म्हणजे पालक कितीही दक्ष असले, तरी सामन्याच्या मध्यंतरात येणाऱ्या हिंसक चित्रपटाच्या जाहिरातीपुढे ही चिप निरुपयोगी.

मागून आवाज आला, ‘सेन्सॉरशिप!’ मुळीच नाही. मोठ्यांसाठीची मालिका मोठ्यांनी खुशाल पाहावी. तिच्यावरचा शिक्का खरा असावा, एवढेच मी मागतो. माल विकणाऱ्यानेच वजनकाटा तपासायचा, हे आपण मंडईत चालवून घेत नाही.

वेळ संपली. दोन वाक्ये बोलून थांबतो. आपल्याकडेही २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमावलीत ओटीटीवरच्या ‘यू/ए १३+’ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना कुलपाची सोय सांगितली आहे. पण श्रेणी ठरवतो प्रकाशकच. म्हणून, आज घरी गेल्यावर कुलूप जरूर लावा. आणि कार्यक्रम एक, शिक्का दुसराच असे दिसले, तर घरात चडफडत बसू नका, त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवा.