साक्षीदाराची परीक्षा



मी भाषेचा शिक्षक. बी.ए., बी.एड. झालेल्या माणसाने प्रयोगशाळेविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ऐकीव गोष्टीवर चटकन विश्वास ठेवण्याची आपली जी सवय आहे, तिच्यावरचा एक चांगला धडा मला तेथेच सापडला.

सिस्टिक फायब्रोसिस नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात फुप्फुसांत चिकट कफ साठतो, अन्न अंगी लागत नाही आणि घामात मीठ फार असते. तो युरोपीय वंशाच्या लोकांत अधिक आढळतो; परंतु आपल्या देशात तो नाहीच, हा जुना समज खरा नव्हे. आईबाप दोघेही धडधाकट असतात. मात्र दोघांकडे एकेक सदोष जनुक असेल, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. जवळच्या नात्यातील विवाहांत असा योग अधिक संभवतो. तेव्हा अशा मुलाबद्दल एकट्या आईला बोल लावणे हे निव्वळ अज्ञान होय.

१९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, फ्रान्सिस कॉलिन्स आणि जॅक रिऑर्डन यांच्या गटांनी हे जनुक शोधून काढले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला सीएफटीआर म्हणतात. १४८० अमिनो आम्लांचे हे प्रथिन म्हणजे पेशीच्या कडेवरील क्षारांचे दार. सर्वांत अधिक आढळणाऱ्या दोषात ५०८ व्या जागेचे एकच आम्ल गळालेले असते.

हे दार शोधायचे कसे? त्यासाठी प्रतिपिंड वापरतात. जंतू शरीरात शिरला की त्याला नेमके ओळखून चिकटणारे प्रतिपिंड शरीर तयार करते. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराची अशी प्रतिपिंड बनविणारी पेशी कर्कपेशीशी जोडली आणि एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळविण्याची रीत दाखविली. पुढे रिऑर्डन यांच्या प्रयोगशाळेने सीएफटीआरला चिकटणारी प्रतिपिंडे तयार केली व इतर संशोधकांनाही पुरविली. त्यांतील एक ‘५९६’ क्रमांकाचे.

पेशी फोडून त्यांतील प्रथिने विजेच्या साहाय्याने आकारमानाप्रमाणे वेगळी करतात, एका पातळ पडद्यावर घेतात आणि त्यावर प्रतिपिंड सोडतात. जेथे ते चिकटते तेथे पट्टा उमटतो. पण मित्रांनो, प्रतिपिंडही फसवू शकते! ते भलत्याच प्रथिनाला चिकटले तरी पट्टा दिसतोच. म्हणून ज्या पेशींत सीएफटीआर मुळीच नाही, त्यांवरही तोच प्रयोग करतात. तेथेही तोच पट्टा उमटला, तर त्या साक्षीदाराची साक्ष बाद!

अशा पारखलेल्या साक्षीने काय सांगितले? निरोगी पेशीत पूर्ण तयार झालेल्या प्रथिनाचा जड पट्टा दिसतो. सदोष पेशीत जवळजवळ हलकाच. म्हणजे प्रथिन बनते, पण मुक्कामी पोचत नाही. पेशी त्याला वाटेतच मोडून टाकते. हे १९९० मध्ये उजेडात आले. जे बनते पण अडकते, त्याला औषधाने मार्गी लावता येईल, अशी आशा त्यातूनच निर्माण झाली. २०१९ मध्ये अमेरिकेत तीन औषधांच्या एकत्रित गोळीला मान्यता मिळाली आणि असंख्य रुग्णांचा श्वास मोकळा झाला. तिची किंमत मात्र अजून सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे.

पालकांनो, प्रतिपिंड हे संशोधकाचे साधन. रोगाचे निदान घामाच्या व जनुकाच्या तपासणीने होते. मुलाचा खोकला हटत नसेल, वजन वाढत नसेल, पापा घेताना त्याची त्वचा फार खारट लागत असेल, तर नजर लागली म्हणून बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि घामाच्या तपासणीविषयी विचारा.

आणि विद्यार्थ्यांनो, कोणी कितीही ठामपणे सांगो, आधी साक्षीदाराची परीक्षा घ्या, मग साक्ष माना.